भोर-वेल्ह्याच्या हवेत लेदर जॅकेट: ओळखायचं कसं, टिकवायचं कसं

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना माहितीये, बराच लांबला होता. त्यावर बऱ्याच जणांचे मेसेज आले की दादा, लिहून टाका ना, एसटीत रेंज जाते. खरंय. चेलाडीवरून वेल्ह्याकडे वळलं की थोडा वेळ बरं चालतं, पुढे सगळं डोंगराच्या मर्जीवर. म्हणून हे शब्दांकन. बोललेलंच आहे, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे काय' थोडे कमी केलेत.

विषय आहे जुन्या धाटणीची लेदर जॅकेट्स. जमवायची, घालायची आणि मुख्य म्हणजे सांभाळायची. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे लेदर जॅकेट रस्त्यावर मरत नाही, कपाटात मरतं. जानेवारीत राजगडाच्या पायथ्याला फोटो होतात, फेब्रुवारी संपता संपता ऊन चटके द्यायला लागतं, जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जातं. दिवाळीच्या साफसफाईत बाहेर येतं तेव्हा कॉलरवर पांढरी-हिरवी बुरशी. लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांचे व्हिडिओ बघून आपण जॅकेट घेतो, पण त्या व्हिडिओत वेल्ह्याचा जुलै नसतो. (वेल्हे म्हणतोय, सरकारी कागदावर आता राजगड तालुका. सवय लागेल हळूहळू.)

आधी विंटेज म्हणजे काय ते बघू

विंटेज म्हणजे खरोखर जुनं, वीस-तीस वर्षं किंवा त्याहून जास्त वापरलेलं. विंटेज-स्टाईल म्हणजे आज शिवलेलं, पण जुन्या कटचं. दोन्हींत काही वाईट नाही. विकणारा दुसऱ्याला पहिलं म्हणून विकतो तेव्हा वाईट.

जुने कट फार नाहीत. तीन-चार ओळखता आले तरी बाजारात निम्मं काम होतं. पहिला ए-टू. अमेरिकन लष्कराच्या हवाई विभागाने १९३१ साली वैमानिकांसाठी ठरवलेला नमुना. कमरेपर्यंतच येतो, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी, पुढे झिप, कॉलर उडू नये म्हणून तिला टिचबटणं. बरीचशी ए-टू घोड्याच्या कातड्याची असायची, काही बकऱ्याच्या. आखूड का? तर वैमानिक बसलेला असतो. लांब कोट बसल्यावर पोटाशी गोळा होतो. आपण बुलेटवर बसतो तेव्हा हेच होतं, म्हणून हा कट गाडीवर इतका बरा वाटतो. दुसरा जी-वन, अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांचा. बकऱ्याचं कातडं, केसाळ कॉलर आणि पाठीला घड्या, म्हणजे हात पुढे केले की पाठ ताणत नाही.

तिसरा तुम्हाला सगळ्यांना माहिती आहे, फक्त नाव माहिती नसेल. तिरकी झिप, रुंद लॅपल, कमरेला पट्टा. १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये अर्विंग शॉट यांनी हे मोटरसायकलसाठी केलं आणि आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, परफेक्टो. किंमत साडेपाच डॉलर. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' सिनेमात मार्लन ब्रँडोने घातलं आणि मग ते जगभर गेलं. झिप तिरकी आहे ती स्टाईल म्हणून नाही. हँडलवर पुढे वाकलात तर सरळ झिप मधोमध फुगते, तिरकी फुगत नाही. शिवाय छातीवर चामड्याचे दोन थर एकमेकांवर येतात, वारा आत शिरत नाही. पहाटे कापूरहोळवरून भोरला या एकदा, मग कळेल छातीवर वारा म्हणजे काय.

आणि चौथं, मेंढीच्या कातड्याचं, आतून लोकर असलेलं, ब्रिटिश वैमानिकांचं अर्विन. ते उंचावर उडणाऱ्या, आत हीटिंग नसलेल्या विमानांसाठी होतं. दिसतं जबरदस्त. भोरमध्ये घातलंत तर तुमचा उकडीचा मोदक होईल.

जाता जाता एक. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर उडणारे अमेरिकन वैमानिक जॅकेटच्या पाठीवर किंवा आत अस्तराला एक तुकडा शिवून घ्यायचे. त्यावर झेंडा आणि तिकडच्या भाषांत मजकूर, अर्थ असा की हा आमचा माणूस आहे, याला मदत करा. विमान पडलं तर गावकऱ्यांना दाखवायला. आज ऑनलाइन मिळणाऱ्या नव्या कोऱ्या जॅकेटवर तेच छापून येतं, आणि लोक त्याला डिझाइन समजतात.

कातडं कमावणं

मराठीत फार नेमका शब्द आहे, कातडं कमावणं. जनावराचं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं, वाळवलं तर फळकुटासारखं होतं. ते टिकाऊ आणि लवचीक करायचं म्हणजे कमावायचं. झाडांच्या सालीत, फळांत टॅनिन असतं, तुरट चव लागते ना, तेच. ते कातड्यातल्या तंतूंना धरून बसतं आणि कुजणं थांबतं.

आता गंमत बघा. त्यासाठी लागणारी झाडं आपल्या आजूबाजूलाच आहेत. बाभळीची साल. पिवळ्या फुलांच्या तरवडाची साल, तो भोरच्या पूर्वेकडच्या कोरड्या माळावर दिसतो. आणि हिरडा. वेल्ह्याच्या रानात हिरडा पायाखाली येतो, आजी खोकल्याला चघळायला देते, आपल्याला वाटतं औषधी फळ. पण इंग्रजांच्या काळात हिरडा मुंबई बंदरातून परदेशी जायचा तो मुख्यतः कातडं कमावण्यासाठी. विलायतेतल्या एखाद्या जुन्या बुटात सह्याद्रीतला हिरडा मुरलेला असेल, सांगता येत नाही.

आजची जॅकेट्स मात्र बहुतेक क्रोमने कमावलेली असतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. झटपट होते आणि चामडं मऊ निघतं. सालीने कमावलेलं चामडं जाड आणि ताठ, पट्ट्याला, पिशवीला, चपलेला चांगलं. अंगावर घालायला क्रोमवालं बरं.

कमावलेलं आणि न कमावलेलं यातला फरक समजायला तुम्हाला कुठे जायची गरज नाही. गावातला जुना ढोल आठवा. अजून फायबरचं पान लागलेलं नाही असा, खऱ्या कातड्याचा. पावसाळी हवेत त्याचं पान सैल पडतं, आवाज बसतो, मग पोरं जाळ करून ढोल शेकतात आणि पान पुन्हा ताणतं. ते कातडं कमावलेलं नसतं, म्हणून पाणी पिऊन सैल होतं आणि शेकलं की आवळतं. जॅकेटचं कातडं कमावलेलं आहे, ते असं लगेच सैल पडत नाही. पण ओलावा तेही पितं, आणि ओलं असताना शेकलं तर तेही आवळतं. फरक इतकाच की आवळलेलं जॅकेट पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेक्झिन, पीयू आणि भोरचं नाव

नकली लेदरचा विषय निघाला की मला भोरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. रेक्झिन हे मुळात एका इंग्लिश कंपनीचं ब्रँडनेम, आपण ते सगळ्याच नकली चामड्याला लावलं. तर भोर संस्थान असताना इथे 'भोर इंडस्ट्रीज' नावाची कंपनी निघाली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, कंपनी पुढे चालली, आणि ती काय बनवायची? पीव्हीसीचं लेदर क्लॉथ. म्हणजे आपल्या भाषेत रेक्झिन. १९८९ मध्ये या कंपनीचा एक खटला सुप्रीम कोर्टात गाजला. लेदर क्लॉथ बनवताना मधल्या टप्प्यावर पीव्हीसीचा कच्चा पापुद्रा तयार होतो, त्यावर उत्पादन शुल्क लागतं का, असा प्रश्न होता. कोर्टाने सांगितलं, जी वस्तू बाजारात विकली जाण्याजोगीच नाही तिच्यावर शुल्क लागत नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल वाचतात. भोरचं नाव देशभरच्या वकिलांना माहिती आहे ते राजवाड्यामुळे नाही, रेक्झिनच्या पापुद्र्यामुळे!

आता कामाचं. बाजारात 'लेदर जॅकेट' म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक पीयू असतं, कापडावर पॉलियुरेथेनचा थर. या थराचा शत्रू म्हणजे उष्णता आणि दमटपणा. ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटते आणि एक दिवस त्याचे पापुद्रे निघायला लागतात. माझ्या मावसभावाने ऑनलाइन एक घेतलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर हातात घेतलं तर बाहीची सालपटं मांडीवर पडली. त्याला वाटलं नीट सांभाळलं नाही. सांभाळून उपयोग नसतो, ते घरात नुसतं लटकलं तरी तुटतं. त्याला दुरुस्ती नाही.

तिसरा प्रकार बाँडेड लेदर. चामड्याचा चुरा गोंदाने कापडावर बसवलेला. त्यात चामडं आहे, म्हणून 'जेन्युइन लेदर' लिहिलं तरी विकणारा हात झटकायला मोकळा. त्या दोन शब्दांवर पैसे देऊ नका.

मग ओळखायचं कसं? जॅकेट उलटं करा. खिशाच्या आत, झिपच्या कडेला कुठेतरी कच्ची कड दिसते. खऱ्या चामड्याची कड तंतुमय असते, मागची बाजू मखमलीसारखी लव असलेली. नकलीत खाली विणलेलं कापड दिसतं. मग वरची बाजू बघा. छिद्रं एकसारखी, शिक्क्याने उमटवल्यासारखी असतील तर शंका घ्या. जनावराच्या अंगावर सगळीकडे सारखं काही नसतं, कुठे ओरखडा, कुठे शिरेची रेघ. बोटाने दाबलं की खरं चामडं बोटाभोवती बारीक सुरकुततं, प्लास्टिक नुसतं खाली दबतं. काडी लावून बघायचा सल्ला यूट्यूबवर बरेच जण देतात. दुकानात करून बघा, दुकानदार तुम्हाला काय देतो ते मला कळवा.

यापेक्षा सोपा हिशेब किमतीचा. चामडं चौरस फुटावर विकलं जातं. एका शेळीच्या कातड्यातून साधारण चार ते सहा चौरस फूट मिळतं, आणि मध्यम मापाच्या जॅकेटला तीस-पस्तीस चौरस फूट तरी लागतं. म्हणजे सहा-सात कातडी. चौरस फुटाला शंभरच रुपये धरा, तरी नुसतं चामडं तीन हजारांच्या पुढे. मग अस्तर, झिप, शिलाई, दुकानदाराचं पोट. त्यामुळे नवं कोरं बाराशे रुपयांना 'प्युअर लेदर' मिळत असेल तर ते काय आहे हे विचारायची पण गरज नाही.

कोणतं चामडं घ्यावं? मेंढीचं सगळ्यात मऊ आणि सगळ्यात नाजूक, खरवडलं की फाटतं. म्हशीचं जाड, वजनदार. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे आपल्याकडे शेळी, मेंढी, म्हैस हेच जास्त. माझं मत विचाराल तर शेळी. हलकी, चिवट, आणि आपल्या हवेत खांद्यावर ओझं होत नाही.

कुठे मिळतं

पुण्यात जुना बाजार, मंगळवार पेठेत, बुधवार आणि रविवार. सकाळी लवकर जा. ढिगात जॅकेट्स असतात, दहातली आठ पीयू. पण दोन असतात! तिथे घेताना वासाकडे लक्ष द्या. कुबट वास असेल तर बुरशी आत शिरलेली आहे, कितीही सुंदर असलं तरी घरी आणू नका, तुमच्या बाकीच्या जॅकेट्सनाही ती लागते. झिप बिघडली असेल तर घाबरू नका, झिप बदलता येते. अस्तर फाटलं असेल तरी चालेल, तेही बदलतं. खांदे आणि काखेजवळचं चामडं कडक होऊन तडकलं असेल तर सोडून द्या.

नवं शिवून घ्यायचं तर मुंबईला धारावी. सायन-बांद्रा लिंक रोडला लेदरची दुकानं ओळीने आहेत. एकेकाळी धारावीत कातडं कमावण्याचे कारखाने होते, ते काम आता बहुतेक बाहेर गेलंय. चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येतं, शिलाई इथे होते. फोटो दाखवला तर माप घेऊन शिवून देणारे भेटतात.

मापाबद्दल एकच. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. शर्ट असता तर उसवून लहान केला असता, चामड्यात ते होत नाही. कापडात सुईचं भोक बुजतं, चामड्यात ते कायम राहतं. बाही आखूड करता येते, खांदा नाही. आणि नवं जॅकेट थोडं घट्टच घ्या, वापरून ते तुमच्या अंगाचं होतं.

दुरुस्तीवाले काका

जुनं जॅकेट जमवणाऱ्याला दुकानापेक्षा दुरुस्ती करणारा माणूस जास्त महत्त्वाचा. मी ज्या चर्मकार काकांकडे जातो त्यांच्यापुढे रापी, आरी आणि मेणाचा दोरा एवढंच असतं. जुन्या बाजारातलं एक जॅकेट त्यांना दाखवलं. त्यांनी पुढून बघितलंच नाही. उलटं केलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शेळीचं आहे. माल चांगला आहे. पण आधीच्या मालकाने तेल लय पाजलंय." काकांना ब्रँड माहिती नाही, माहिती असायची गरजही नाही. मोठी शिलाई असेल तर ते मला गाडीचे सीट कव्हर शिवणाऱ्याकडे पाठवतात, कारण त्याच्या जड मशीनचा दाबपाय चामडं पुढे सरकवतो, साध्या मशीनवर ते अडकतं.

इथे थोडं थांबून बोलायचंय, कारण या विषयावरचे बाकीचे व्हिडिओ इथे थांबत नाहीत. आपल्या गावांत चामड्याशिवाय काही चालत नव्हतं. विहिरीवरची मोट चामड्याची, पाण्याची पखाल चामड्याची, वहाणा, आसूड, ढोल. आणि हे सगळं करून देणाऱ्या ढोर आणि चर्मकार समाजाला, मेलेली गुरं ओढून नेणाऱ्या महार समाजाला आपण गावकुसाबाहेर ठेवलं. मोटेचं पाणी शेताला चाललं, मोट शिवणाऱ्याचा स्पर्श नाही चालला.

भोरवरून वरंधा घाट उतरलात की महाड. आपल्या रायडर मंडळींचा लाडका रस्ता (पावसात बरेचदा बंद असतो, चौकशी करून निघा). त्याच महाडला मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. मेलेल्या जनावरांचं मांस आणि ती ओढायची कामं सोडा, हे ते तिथे सांगत होते. डिसेंबरात पुन्हा परिषद झाली तेव्हा ते स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि त्यात विषय होता कपड्यांचा. तुमच्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून तुम्ही कोण हे ओळखू येतं, ते बदला, असं. म्हणजे कपडा हा नुसता फॅशनचा विषय कधीच नव्हता. आज घाटात थांबून आपण चामड्यात फोटो काढतो तेव्हा हे माहिती असलेलं बरं.

जून २०२५ मध्ये प्रादाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, म्हणून आपण सगळे चिडलो होतो. चिडलो ते बरोबरच. कंपनीला पुढे मान्यही करावं लागलं. पण त्याच आठवड्यात एसटी स्टँडबाहेर चप्पल शिवून घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे लोकही मी बघितलेत. काका जॅकेटच्या खिशाला तासभर देतात. सांगतील तेवढे द्या.

आता पावसाळा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश.

बुरशीला तीन गोष्टी लागतात: ओल, थांबलेली हवा आणि खाणं. हवेतली आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी वाढते. संग्रहालयांत चामड्याच्या वस्तू ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतात. जुलैत वेल्ह्यात खिडकी उघडली तर काट्याने नव्वद ओलांडलेली असते. आपल्या घरात ५५ येणार नाही, हे धरूनच चालायचं. मग ओल आपल्या हातात नाही, पण हवा आणि खाणं हातात आहे.

खाणं म्हणजे काय? कॉलरवरचा घाम, बाहीवरचं तेल, खिशातला वडापावचा चुरा. मे संपायच्या आत खिसे उलटे करा, मऊ कोरड्या फडक्याने सगळं पुसा, कॉलर आणि मनगट किंचित ओल्या फडक्याने. सावलीत दोन दिवस वाळू द्या. मग लेदर कंडिशनरचा अगदी पातळ हात, आणि एक पूर्ण दिवस मोकळं ठेवा. पातळ म्हणजे पातळ. जास्त क्रीम म्हणजे बुरशीला जेवण वाढून ठेवणं. खोबरेल तेल अजिबात नको, जॅकेट लोळागोळा होतं, डाग पडतात आणि बुरशीची दिवाळी. बुटाचं पॉलिशही नको, त्याचा रंग शर्टाला लागतो.

ठेवायचं रुंद हँगरवर. खुंटीला अडकवलं तर कॉलरमागे टेंगूळ येतं, तारेच्या हँगरने खांदे पडतात. वर प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या सुती साडीचं किंवा चादरीचं कव्हर करा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, आपल्याकडे पाऊस तिकडूनच झोडपतो आणि ती भिंत आतून घामेजते. घरातल्या मधल्या भिंतीजवळ, चार बोटं अंतर सोडून, दार किलकिलं. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण कपाटभर जागेला बुटाच्या डब्यातली एक पुडी म्हणजे धरणाला बूच लावण्यासारखं. पाणी शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते जास्त कामाचे. फक्त त्यात साठणारं पाणी चामड्यावर सांडू देऊ नका, चामडं खराब होतं. डबा एका कोपऱ्यात, सरळ. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही, आणि वास मात्र दोन हिवाळे जात नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय, दर पंधरा दिवसांनी बाहेर काढा. उघडीप मिळाली की पंख्याखाली दोन तास. मी तर ऑगस्टमध्ये घरात जॅकेट घालून एपिसोड एडिट करतो. आई म्हणते, "ताप आलाय का रे?" चालतंय.

बुरशी आलीच तर घरात झटकू नका. तोंडाला मास्क, जॅकेट अंगणात, मऊ ब्रशने हलकेच झाडा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन फडकं ओलसर करा. आधी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून बघा, रंग सुटत नसेल तरच पुढे पुसा. सावलीत वाळवा, मग पातळ कंडिशनर. कपाटही पुसा, नाहीतर महिन्याने पुन्हा तेच. आणि प्रत्येक पांढरं म्हणजे बुरशी नसते. कधीकधी चामड्यातली चरबी वर येऊन पांढुरकी झाक दिसते. अंगठ्याने चोळलं आणि उबेने विरली तर ती चरबी. मऊ केसाळ असेल आणि कुबट वास येत असेल तर बुरशी.

गाडीवर पावसात सापडलात तर? पाणी टिपून घ्या, चोळू नका. बाह्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याच्या हवेत दोन-तीन दिवस लटकू द्या. चूल, हीटर, हेअर ड्रायर, कडक ऊन, काही नको. ढोल आठवा.

गाडीवर आणि गडावर

फॅशनच्या जॅकेटचं चामडं साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. मोटरसायकलसाठी खास बनवलेल्याचं सव्वा मिलिमीटरच्या आसपास, शिवण दुहेरी, खांद्या-कोपरांना गाद्या. विंटेज-स्टाईल जॅकेट दिसायला रायडिंगचं असलं तरी डांबरावर घसरलात तर कागदासारखं फाटू शकतं. घाटात नेमाने चालवत असाल तर लेबलवर युरोपियन सुरक्षेचा वर्ग लिहिलाय का ते बघा, एएए, एए किंवा ए. नसेल तर ते जॅकेट थंडीसाठी आहे, पडण्यासाठी नाही. त्यात आणि नुसत्या स्वेटरमध्ये तुमच्या हाडांना फारसा फरक कळणार नाही.

आपला हंगाम लहान आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, पहाट आणि संध्याकाळ. बाराच्या उन्हात काढायचंच. तोरणा चढताना घालू नका, घाम चामड्यात मुरतो आणि पुढच्या पावसाळ्यात कॉलरवर उगवतो. गडावर मुक्काम असेल तर खरं सांगू का, घोंगडी न्या. ओली झाली तरी ऊब देते, अंथरता येते, आणि ती इथल्याच हवेसाठी शेकडो वर्षांत घडलेली आहे.

शेवटी दोन प्रश्न. एका ताईने विचारलं, बायकांच्या कटमध्ये जुन्या धाटणीचं चांगलं मिळत नाही, काय करू? ए-टूचं पुरुषांचं लहान माप घालून बघा, खांदा बसला तर कमर विणलेल्या पट्टीची असल्यामुळे जमून जाते. नाहीतर धारावीत शिवून घेणं उत्तम. दुसरा प्रश्न, मला चामडं वापरायचंच नाही, मग पीयू घेऊ का? नको. तुमच्या कारणाचा मला आदर आहे, पण पीयू म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांनी कचऱ्यात जाणारं प्लास्टिक. त्याच कटमध्ये जाड सुती कॅनव्हास किंवा मेण दिलेल्या कापडाचं बघा, आपल्या हवेत ते खूप वर्षं जातं.

जुन्या बाजारात काही सापडलं आणि शंका आली तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. पण नुसता पुढून घातलेला फोटो नको. आतलं लेबल, झिपची मूठ, खिशाची कच्ची कड आणि काखेची शिवण, असे चार फोटो. त्यावरून सांगता येतं. आणि रविवारी पाठवणार असाल तर दहाच्या आत, नंतर मी स्वतः तिथे ढिगात असतो.